जावास्क्रिप्टमध्ये पहिला ब्राउझर-खेळ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

केळीचे नऊ घड पकडणारी माझी पुतणी पहिली, शंभर घड पकडणारा तिचा मामेभाऊ दुसरा आणि दहा घड पकडणारा शेजारचा मुलगा तिसरा, असा निकाल आमच्याच खेळाच्या गुणफलकाने दाखवला, त्या दिवशी जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेचे हे परीक्षण लिहायचे ठरवले. मी अमळनेरला एका पतसंस्थेत हिशेब पाहतो. चुकीची बेरीज मला सहन होत नाही, आणि चूक करूनही गप्प बसणारी बेरीज तर त्याहून नाही. त्यामुळे पुढील मजकुरात एका दोषाविषयी मी गरजेपेक्षा जास्त लिहीन, हे आधीच सांगून ठेवतो. कॅनव्हास म्हणजे काय, चल म्हणजे काय, फंक्शन कशाला म्हणतात, एवढे वाचकाला ठाऊक आहे असे धरले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात देतो. पुतणी नववीत आहे आणि तिला स्वतःचा खेळ करायचा होता. तिच्या मामाचे गाव रावेर तालुक्यात आहे. मे-जूनमधल्या वादळी वाऱ्यात तिकडच्या केळीबागा आडव्या होतात, हे तिने लहानपणापासून पाहिलेले असल्याने खेळाची कल्पनाही तिथूनच आली : वारा सुटतो, घड खाली येतात आणि खेळाडूने ट्रॉली डावीकडे-उजवीकडे सरकवून ते झेलायचे. खेळ संपला की पाटीवर अहिराणीत ‘आते बस!’ असे येते. अट एकच होती, की व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवला की मामाच्या फोनवर काहीही न बसवता खेळ सुरू झाला पाहिजे. माझी अट वेगळी होती, की यावर पैसा खर्च होता कामा नये. घरात चार जीबी रॅमचा, दुसऱ्याच्या हातून घेतलेला लॅपटॉप आहे आणि त्यावरच हे सगळे व्हायचे होते.

माझी अट पहिल्याच महिन्यात मोडली. ‘ब्राउझरमध्ये खेळता येईल असा स्वतःचा गेम बनवा’ अशी जाहिरात करणाऱ्या एका शिकवणीला अडीच हजार रुपये भरले. तिथे पायथन ही भाषा आणि तिच्यात खेळ करण्याचे पायगेम हे साधन शिकवले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते वाईट शिकवले नाही. पुतणीला अट, आवर्तन (लूप), यादी या गोष्टी तिथेच समजल्या. परंतु खेळ तयार झाल्यावर तो चालला फक्त त्यांच्या आणि आमच्या संगणकावर. दुवा कसा पाठवायचा असे विचारल्यावर उत्तर मिळाले, की खेळाची एक्झी (विंडोज संगणकावर चालणारी) फाईल करून पाठवा. एक्झी फाईल अँड्रॉइड फोनवर चालत नाही, हे मी त्यांना सांगायचे आणि त्यांनी ते मान्य करून पुढच्या अभ्यासक्रमात सवलत देऊ करायची, असा तो व्यवहार झाला. फी परत मिळाली नाही. जाहिरातीतल्या ‘ब्राउझर’ या शब्दाची जबाबदारी कोणी घेतली नाही.

येथे पायथनवर अन्याय होऊ नये म्हणून लिहितो की दोष भाषेचा नव्हता. १९९१ साली गिदो व्हॅन रॉसम यांनी प्रसिद्ध केलेली ही भाषा ब्राउझरसाठी केलेलीच नाही, आणि ब्राउझर ती स्वतःहून चालवत नाही. ती तिथे न्यायची असेल तर पायथनचा अख्खा दुभाषा (इंटरप्रिटर) वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या संकेतांत, रूपांतरित करून खेळासोबत पाठवावा लागतो. पायगबॅग नावाचे मोफत साधन पायगेमच्या खेळासाठी नेमके हेच करते, आणि आम्ही ते वापरून पाहिले. मुख्य आवर्तन असिंक पद्धतीने पुन्हा लिहावे लागले, कारण ब्राउझरच्या पानाला श्वास घ्यायला दर फेरीत जागा द्यावी लागते. ते जमले आणि खेळ पानावर आलाही. पण पहिल्यांदा उघडताना अनेक मेगाबाइटचा मजकूर उतरवून घ्यावा लागतो, आणि रावेरकडच्या शेतात फोनला जेवढे नेटवर्क मिळते तेवढ्यात मामांनी पान दोनदा बंद करून ‘तुमचे काही चालत नाही’ असा निरोप पाठवला. शिवाय पायगेमच्या नेहमीच्या पद्धतीने देवनागरी अक्षरे काढली की ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटी होतात. ‘शिल्लक’ हा शब्द पडद्यावर जसा दिसत होता, तसा तो मी आमच्या खातेवहीत कोणाला लिहू दिला नसता.

यानंतर जावास्क्रिप्टकडे वळलो, आणि सुरुवातीचे दिवस निखळ आनंदाचे गेले. काहीही बसवायचे नव्हते. एक एचटीएमएल फाईल, तिच्यात कॅनव्हास, तिच्या शेजारी एक जावास्क्रिप्टची फाईल, आणि पान ताजे केले की बदल समोर. एफ१२ दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीत चूक कोणत्या ओळीत आहे ते दिसते, आणि तिथेच एखादी ओळ लिहून चालवूनही पाहता येते. चलांना देवनागरी नावे देता येतात (पायथनमध्येही येतात), त्यामुळे पुतणीने ‘गुण’, ‘वारा’, ‘घड’ अशीच नावे ठेवली. पुढे कळफलक पुन्हापुन्हा बदलण्याचा कंटाळा आल्यावर ती रोमनवर गेली, ते वेगळे. कॅनव्हासवर मराठी मजकूर लिहिला तर अक्षरे ब्राउझर स्वतःच मांडतो, म्हणून वेलांट्या-उकार जिथल्या तिथे राहतात. संपूर्ण खेळ, चित्रांसह, फोनने काढलेल्या एका छायाचित्राहून हलका झाला. मामांच्या फोनवर तो उघडला आणि त्यांनी तो खेळलाही.

गुणांचे आकडे मराठीत दिसावेत अशी माझी इच्छा होती. संख्येला टोलोकेलस्ट्रिंग हे तयार फंक्शन लावून मराठी-भारत असा प्रदेश सांगितला की आकडे आपोआप देवनागरी होतात, आणि स्वल्पविरामही हजार-लाखांच्या आपल्या पद्धतीने पडतात. एक लाख हे ‘१,००,०००’ असेच उमटते. बाहेरून काहीही न आणता मिळणाऱ्या या सोयीवर मी इतका खूश झालो की त्या आठवड्यात मी या भाषेला पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग गोदामातला एकूण साठा दाखवायचे ठरले. प्रत्येक डावात झेललेले घड आधीच्या साठ्यात मिळवायचे आणि ती बेरीज फोनमध्येच जपून ठेवायची. त्यासाठी ब्राउझरमध्ये लोकलस्टोरेज नावाची सोय आहे. आधीचा साठा बारा, नव्या डावात पाच, आणि पाटीवर आले ‘१२५’. कारण असे, की लोकलस्टोरेज फक्त मजकूर साठवते. आत ठेवलेला बारा बाहेर येताना संख्या राहत नाही, तो ‘१’ आणि ‘२’ अशा दोन चिन्हांचा मजकूर होतो, आणि मजकुराला अधिकचे चिन्ह लावले की जावास्क्रिप्ट बेरीज न करता दोन्ही एकमेकांना चिकटवते. कोणतीही सूचना नाही, लाल अक्षर नाही, खेळ थांबत नाही. याच मजकुरातून पाच वजा केले, तर मात्र ती त्याला मुकाट्याने संख्या मानून बरोबर सात देते. जमा करताना शेजारी चिकटवायचे आणि नावे टाकताना नीट वजा करायचे, असा कारकून आमच्या पतसंस्थेत दुपारपर्यंतही टिकला नसता.

हेच पायथनमध्ये केले असते, तर मजकूर आणि संख्या यांची बेरीज होत नाही असे सांगून ती त्याच ओळीवर थांबली असती. पुतणीला मी हे दाखवले, तेव्हा तिचे म्हणणे असे पडले की थांबणारा खेळ तरी कोणाला आवडतो, काका. वयाचा फरक आहे.

नंतरचा प्रकार आणखी बारीक होता. पाटीवरचा देवनागरी आकडा वाचून तोच पुन्हा हिशेबात घ्यावा, असा सोपा मार्ग पुतणीने काढला. परंतु देवनागरी ‘१२’ हा मजकूर जावास्क्रिप्टच्या नंबर या फंक्शनला दिला, तर उत्तर येते ‘संख्या नाही’. इंग्रजी आद्याक्षरांत एनएएन. एकदा हे मूल्य साठ्यात शिरले की पुढे त्यात काहीही मिळवा, ते तसेच राहते, आणि आमच्या गोदामाचा साठा त्या संध्याकाळी कायमचा ‘संख्या नाही’ झाला. विशेष म्हणजे आकडे देवनागरीत दाखवणारी भाषा तेच आकडे परत वाचू शकत नाही, आणि जी पायथन आमच्या वेलांट्या मोडत होती ती ‘१२’ हा देवनागरी मजकूर तिच्या इंट या फंक्शनला दिल्यावर सरळ बारा समजते. मी हे दोन्हीकडे करून पाहिले आणि बराच वेळ कोणत्या भाषेवर जास्त रागवावे ते ठरवत बसलो. उपाय साधा आहे. हिशेबाची संख्या वेगळी ठेवावी, दाखवण्याचा मजकूर वेगळा ठेवावा, आणि दाखवलेले कधीही परत वाचू नये.

आणि शेवटी गुणफलक. नावे आणि गुण यांची यादी जेसन नावाच्या, माहिती मजकुरात मांडण्याच्या पद्धतीने साठवली, म्हणजे संख्या परत येताना संख्याच राहते. हे आम्ही तोवर शिकलो होतो. यादीत नऊ, शंभर आणि दहा या खऱ्याखुऱ्या संख्या होत्या. त्यांना सॉर्ट लावले तर चढता क्रम आला दहा, शंभर, नऊ. जावास्क्रिप्टचे सॉर्ट, वेगळे काही सांगितले नाही तर, संख्यांचाही आधी मजकूर करते आणि मग शब्दकोशासारखे पहिल्या चिन्हावरून लावते. एक हा नवाच्या आधी येतो, म्हणून शंभर नवाच्या आधी. यादी उलटी केली की नऊ अव्वल. तुलना कशी करायची हे सांगणारे छोटे फंक्शन सोबत दिले की प्रश्न सुटतो, एका ओळीचे काम आहे, आणि ज्यांना ही भाषा येते त्यांना यात नवल वाटत नाही. मला मात्र वाटते. संख्यांची यादी लावायला सांगितली, तर ती संख्यांप्रमाणे लावावी, यापेक्षा माझी अपेक्षा जास्त नव्हती.

याचे मूळ शोधताना कळले ते असे. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर करणाऱ्या कंपनीत या भाषेचा पहिला नमुना मे १९९५ मध्ये दहा दिवसांत केला. पानावरच्या किरकोळ कामांसाठी, प्रोग्रामिंग न शिकलेल्यांनाही वापरता यावी अशी ती हवी होती, म्हणून चूक दाखवून थांबण्याऐवजी कसेतरी निभावून नेण्याकडे तिचा कल राहिला. पुढे १९९७ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले, २०१५ मध्ये तिच्यात मोठी सुधारणा झाली, लेट, कॉन्स्ट, क्लास असे बरेच काही आले. पण जुने नियम काढता येत नाहीत, कारण त्यांवर उभी असलेली जगातली जुनी पाने त्या दिवशी मोडतील. कारण पटले. राग कमी झाला नाही, आणि इथपर्यंतचा मजकूर लिहिला तेव्हा पाचपैकी तीन तारे देऊन विषय संपवणार होतो.

त्यानंतर आठवडाभर हा मजकूर तसाच राहिला आणि मधल्या काळात एक गोष्ट हाती लागली, जिच्यामुळे ताऱ्यांचा हिशेब बदलावा लागतो आहे. आम्ही लिहिण्यासाठी व्हीएस कोड हे मोफत संपादक वापरतो. जावास्क्रिप्टच्या फाईलच्या अगदी वर टिप्पणीच्या खुणेनंतर ‘@ts-check’ एवढे लिहिले, तर ते संपादक मायक्रोसॉफ्टच्या टाइपस्क्रिप्टची (जावास्क्रिप्टवर उभी असलेली, संख्या की मजकूर हे तपासणारी भाषा) तपासणी त्या साध्या फाईललाच लावते. वेगळी भाषा शिकायला नको, काही बसवायला नको, रूपांतर करायला नको. शून्य या संख्येने सुरू झालेल्या साठ्यात लोकलस्टोरेजमधला मजकूर टाकू लागताच त्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ येते. पहिल्या चुकीवर हा इलाज पुरेसा आहे. सॉर्टचा घोटाळा मात्र तिलाही दिसत नाही, हे मी मुद्दाम तपासले, कारण नियमाने पाहता तिथे चूक काहीच नाही. तरीही फुकट मिळणाऱ्या एका ओळीने एवढी राखण होत असेल, तर तीनाचे चार तारे करायला माझी हरकत नाही. नवशिक्याला कोणी शिकवत असेल, तर ही ओळ पहिल्या दिवशी सांगावी. आमच्या शिकवणीत अर्थातच तिचा विषय निघण्याचा संभव नव्हता.

हिशेब सोडून दुसरी अडचण वेगाची आली, आणि ती भाषेची नसून ब्राउझरच्या रीतीची आहे. दर क्षणी चित्र नव्याने काढण्यासाठी रिक्वेस्ट-अ‍ॅनिमेशन-फ्रेम वापरतात, आणि ते पडद्याच्या ताजे होण्याच्या गतीने धावते. आमच्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो. भुसावळच्या एका नातेवाइकाचा नवा फोन एकशेवीस वेळा होतो, त्यामुळे त्याच्याकडे घड दुप्पट वेगाने पडू लागले आणि त्याने आमचा खेळ फारच अवघड असल्याचे कळवले. दर चित्रामागे अमुक ठिपके सरकव असे न सांगता, मागच्या चित्रापासून किती मिलिसेकंद गेले ते पाहून तेवढे सरकव असे सांगायचे असते. वेळ त्या फंक्शनला आयती मिळतेच. हे केल्यावर दुसरे उद्भवले. मध्येच फोन आला आणि खेळाचे पान मागे गेले, की आवर्तन थांबते, आणि परत आल्यावर मधला सगळा वेळ एकदम मोजला जाऊन सर्व घड एका उडीत जमिनीवर. म्हणून त्या मिलिसेकंदांना वरची मर्यादा घालावी लागते. मला हा भाग आवडला, कारण इथे चूक समजून घेता येते आणि समजल्यावर ती न्याय्य वाटते.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. पानाला बोट लागेपर्यंत आवाज वाजत नाही. ते ब्राउझरचे धोरण आहे, म्हणून ‘सुरू करा’ असे बटण ठेवावे आणि आवाज त्यानंतर सुरू करावा. फोनवर ट्रॉली ओढताना पानच सरकू लागले, तर पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये टच-अ‍ॅक्शन बंद करावे. कार्यक्रम अनेक फाईलींत विभागून मॉड्यूल म्हणून जोडला, तर फाईलवर दोनदा टिचकी मारून उघडलेल्या पानात क्रोम ती मॉड्यूल घेत नाही. त्यासाठी आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर लागतो. तो पायथनच्या एका ओळीत सुरू होतो, त्यामुळे अडीच हजारांची थोडीशी वसुली अशी झाली. चित्रांच्या फाईलींच्या नावांत रोमन लिपीतली लहान-मोठी अक्षरे एकसारखी ठेवावीत. विंडोजवर फरक चालून जातो, पण गिटहब पेजेस या पाने ठेवण्याच्या मोफत जागेवर चढवल्यावर तेच चित्र सापडत नाही आणि घडाच्या जागी रिकामी हवा पडत राहते.

बाकीच्या पर्यायांपैकी स्क्रॅच लहान मुलांसाठी उत्तम आहे आणि ब्राउझरमध्येच चालते, पण नववीतल्या मुलीला ठोकळे जोडणे कमीपणाचे वाटले. शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आधी सी ही भाषा शिकण्याचा सल्ला दिला. तो त्याच्या परीक्षेसाठी योग्य असेल. गोडो हे खेळ बनवण्याचे मोफत इंजिन मी मनापासून पाहिले, कारण त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथनसारखी दिसते आणि खेळाच्या चौकटी तयार मिळतात. चौथ्या आवृत्तीच्या सुरुवातीला वेबवरचा खेळ चालायला सर्व्हरकडून पानासोबत खास शीर्षके (हेडर) पाठवावी लागत. २०२४ मधल्या ४.३ पासून त्याशिवायही चालतो. मात्र सी-शार्पमध्ये लिहिलेला गोडो-चारचा खेळ वेबवर नेता येत नाही, हे घेण्याआधी माहीत असावे. आमच्यासाठी त्याचेही उतरवायचे वजन जास्त होते, आणि मे महिन्यात अमळनेरच्या उन्हात आमच्या लॅपटॉपचा पंखा ते उघडताच जो आवाज करी, तो ऐकून मी ते बंद केले. फेजर ही खेळांसाठीची जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी २०१३ पासून आहे. टक्कर, आवाज, चित्रांच्या पट्ट्या हे सर्व तिच्यात आहे, आणि दुसरा खेळ तिच्यात करायला हरकत नाही. पहिला खेळ मात्र उघड्या कॅनव्हासवर करावा असे माझे मत आहे, कारण घड ट्रॉलीत पडला की नाही हे दोन चौकोनांच्या कडा ताडून पाहण्याचे गणित पुतणीने स्वतः मांडले, आणि ते तिला शाळेतल्या आलेखांपेक्षा लवकर कळले.

ब्राउझरमधल्या खेळासाठी ब्राउझरची स्वतःची भाषा घ्यावी, हे माझे मत आता पक्के आहे. फ्लॅशवर केलेले असंख्य खेळ ३१ डिसेंबर २०२० नंतर उघडेनासे झाले ते याच कारणाने, की फ्लॅश ब्राउझरमध्ये बाहेरून आणून बसवलेले होते. ज्याला पुढे आकडेमोड, तक्ते, शाळेचे प्रकल्प करायचे आहेत त्याने पायथन अवश्य शिकावी, आणि पुतणी ती विसरलेली नाही. पण मामाला दुवा पाठवायचा असेल, तर जावास्क्रिप्ट, संपादकातली ती तपासणीची ओळ, आणि सॉर्टला तुलना सांगण्याची सवय, एवढे पुरते. फक्त फोन असलेल्याने या भानगडीत पडू नये. लिहिणे होते, पण एफ१२ची खिडकी नसल्याने चूक सहज शोधता येत नाही, आणि या भाषेत चूक शोधणे हेच अर्धे काम आहे.

खर्चाचे शेवटचे. संपादक, ब्राउझर आणि गिटहब पेजेसवरची जागा यांना काहीही पडले नाही. स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा असे पुतणीचे म्हणणे आहे, पण त्याला दर वर्षी पैसे भरावे लागतात, म्हणून ते तूर्त नामंजूर केले आहे. लोकलस्टोरेज ज्याच्या-त्याच्या फोनमध्येच राहते, त्यामुळे अमळनेरचा आणि रावेरचा गुणफलक एक होत नाही. तो एक करायचा तर कुठेतरी सर्व्हर ठेवावा लागेल. मोफत योजना पाहतो आहे, आणि त्यांच्या अटी पूर्ण वाचून झाल्याशिवाय कुठेही कार्डाचा क्रमांक देणार नाही.